फुफ्फुसांभोंवतींचें पाणी आणि रुग्णालयाच्या येरझारा

घरचें माणूस रुग्णालयांतून परत आलें म्हणजे दारांतच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत अजूनहि आहे. त्या लहानशा कृतींत साऱ्या घराची एक समजूत सांठविलेली असते : संकट टळलें, माणूस आपल्या माणसांत आलें, आतां सर्व कांहीं पूर्ववत् होईल. बाळंतपण, मोडलेलें हाड, विषमज्वर ह्यांच्या बाबतींत ती समजूत बहुधा खरी ठरते. परंतु कांहीं आजार असे आहेत कीं, त्यांत घरीं येणें हा प्रवासाचा शेवट नसून मधला मुक्काम असतो. कर्करोगामुळें फुफ्फुसाभोंवतीं पाणी सांचणें हा त्यांपैकीं एक होय.

ह्या व्याधीचा क्रम ज्यांनीं घरांत पाहिला आहे त्यांस तो निराळा सांगावयास नको. दम लागतो, म्हणून रुग्णास घेऊन जावें. डॉक्टरांनीं सुईनें लिटर-दीड लिटर पाणी काढावें. त्याच सायंकाळीं रुग्णानें मोकळा श्वास घ्यावा, दोन घांस अधिक खावेत, रात्रीं आडवें होऊन झोंपावें. आणि घरच्यांनीं देवापुढें दिवा लावून सुटकेचा निःश्वास टाकावा. पुढें पंधरा-वीस दिवसांत पुनः तोच दम, तीच धांवपळ, तीच खाट. तिसऱ्या-चौथ्या खेपेस घरांतील वडीलधारें माणूस विचारतें, "हें असें किती वेळां चालावयाचें?" प्रश्न रास्त आहे. पण तो चौथ्या खेपेस विचारला जातो ही खरी अडचण आहे. तो पहिल्याच खेपेस विचारला असतां उत्तर पुष्कळदां निराळें मिळूं शकतें, हें दाखविण्यासाठींच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

पाणी सांचतें म्हणजे काय होतें ?

आपल्या प्रत्येक फुफ्फुसावर एक नाजूक दुपदरी आवरण असतें. आंतला पदर फुफ्फुसाला बिलगलेला, बाहेरचा पदर छातीच्या भिंतीला आंतून चिकटलेला. ह्या दोन पदरांमध्यें निरोगी माणसांत अवघा दोन-चार चहाचे चमचे द्रव असतो. त्याच्या योगें श्वासागणिक हे पदर एकमेकांवरून न घासतां सरकतात. हा द्रव सारखा झिरपत असतो आणि बाहेरच्या पदरावरील सूक्ष्म छिद्रांवाटे सारखा शोषलाहि जातो. विहिरीला झरा जितका, तितकाच उपसा. म्हणून पातळी स्थिर.

कर्करोगाच्या पेशी ह्या आवरणावर येऊन रुजल्या म्हणजे दोन्हीं बाजूंनीं बिघाड होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या अधिक पाझरूं लागतात, आणि निचऱ्याचीं छिद्रें व त्यांपुढील रसवाहिन्या तुंबतात. झरा वाढला आणि उपसा बंद पडला म्हणजे पातळी चढणारच. कर्करोगाच्या सर्व रुग्णांपैकीं सुमारें १५ टक्क्यांना केव्हांना केव्हां ही अवस्था प्राप्त होते असें मानतात. फुफ्फुसाचा व स्तनाचा कर्करोग हीं तिचीं मुख्य कारणें. त्यांच्या मागोमाग रसग्रंथींचा व बीजकोशाचा कर्करोग येतो.

दम लागतो तो फुफ्फुस दाबलें जाऊन प्राणवायु कमी पडतो एवढ्यामुळेंच, असें आपणांस वाटतें. वस्तुतः पाण्याच्या भारानें खालचा श्वासपटल, म्हणजे छाती व पोट ह्यांमधील स्नायूंचा घुमट, खालीं दबतो, चपटा होतो आणि त्याला नीट काम करतां येत नाहीं. पाणी काढल्यावर रुग्णास जो तात्काळ आराम पडतो तो मुख्यतः हा घुमट पुनः वर उचलला गेल्यामुळें. म्हणूनच बोटाला लावलेल्या यंत्रावरील प्राणवायूचा आंकडा फारसा न बदलतांहि रुग्ण "आतां बरें वाटतें" असें म्हणतो. त्याचें म्हणणें खरें मानावें. आंकड्यावरून त्याला खोटें पाडूं नये.

छातींतील पाणी ओळखण्याची विद्या जुनी आहे. व्हिएन्ना येथील औएनब्रुग्गर ह्या वैद्यानें १७६१ साली छातीवर बोटांनीं ठोकून आवाजावरून आंतील स्थिति ताडण्याची रीति प्रसिद्ध केली. त्याचा बाप खानावळवाला होता, आणि पिंपांवर थापट्या मारून आंत द्रव कोठवर आहे हें पाहण्याची रीत मुलानें घरींच पाहिली होती, असें सांगतात. पुढें १८१६ साली फ्रान्समध्यें लाएनेक ह्यानें स्टेथॉस्कोप शोधून काढला. आज क्ष-किरणांचें चित्र व सोनोग्राफी हीं साधनें गांवोगांव पोहोंचलीं आहेत, आणि सोनोग्राफीनें जागा पाहून सुई घातली असतां फुफ्फुसास इजा होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

प्रत्येक पाणी कर्करोगाचें नव्हे

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. छातींत पाणी म्हटलें कीं कर्करोगच, अशी धास्ती घेण्याचें कारण नाहीं. हृदय दुबळें झाल्यानें, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडल्यानें, न्यूमोनियानें, आणि आपल्या देशांत विशेषतः क्षयानें, पाणी होतें. क्षयाचें पाणी औषधांनीं बरें होतें. उलटपक्षीं, क्षय हा आपल्याकडे इतका परिचित कीं, पाणी दिसतांच तपासणी पुरी न करतां क्षयाचीं औषधें सुरू होतात, महिने जातात, आणि मागाहून निदान निराळें निघतें, असेंहि घडतें. म्हणून पहिल्या वेळीं काढलेलें पाणी नुसतें ओतून न देतां तपासणीस गेलें आहे ना, हें घरच्यांनीं विचारावें. एका वेळच्या पाण्यांत कर्करोगाच्या पेशी सर्वसाधारणपणें शंभरांपैकीं साठ रुग्णांत सांपडतात; म्हणजे अहवालांत पेशी आढळल्या नाहींत म्हणून कर्करोग नाहींच असें ठरत नाहीं. अशा वेळीं दुसऱ्यांदा पाणी तपासणें, किंवा दुर्बिणीनें आवरणाचा तुकडा काढून पाहणें, हा मार्ग असतो.

पुनः पुनः कां जावें लागतें ?

सुईनें पाणी काढणें हें भिंतीची ओल फडक्यानें पुसण्यासारखें आहे. पुसल्यावर भिंत कोरडी दिसते; पण ओल जेथून येते तें कारण जागच्या जागीं असतें. कर्करोगावरील औषधानें मूळ रोगच आटोक्यांत आला तर गोष्ट निराळी. रसग्रंथींचे कर्करोग, कांहीं स्तनाचे कर्करोग, आणि फुफ्फुसाच्या ज्या कर्करोगांत नव्या नेमक्या गोळ्या लागू पडतात ते, ह्यांत पाणी औषधानेंच हटूं शकतें. परंतु तसें न झाल्यास केवळ सुईनें काढलेलें पाणी बहुतेक रुग्णांत महिन्याच्या आंत परत सांचतें, हा जगभरचा अनुभव आहे. एका वेळीं सगळें पाणी काढून टाका असा आग्रहहि धरतां येत नाहीं. कारण बराच काळ दबलेलें फुफ्फुस एकदम उलगडलें तर त्यालाच सूज येण्याचा धोका असतो. म्हणून साधारणतः दीड लिटरच्या सुमारास थांबण्याचा प्रघात आहे.

सुईचा उपाय लहान आहे, स्वस्त आहे, आणि लगेच आराम देतो; म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याची खरी किंमत एका खेपेच्या पावतीवर दिसत नाहीं. दर खेपेस गाडी, रांग, कागदपत्रें, रक्ताच्या तपासण्या, चित्रें, एखादी रात्र मुक्काम. मुलाची रजा, सुनेची ओढाताण, नातवंडांची आबाळ. आणि ह्या सर्वांहून अधिक, रुग्णाचे दिवस. हें पाणी झालेल्या रुग्णांचें आयुष्य रोगाच्या जातीप्रमाणें सर्वसाधारणपणें ३ ते १२ महिन्यांच्या दरम्यान असतें असें अनुभवास आलें आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगांत कमी, स्तनाच्या कर्करोगांत अधिक. ज्याच्या गांठीं मोजके महिने आहेत त्याचा रुग्णालयांत गेलेला आठवडा हा आपल्या आठवड्यासारखा नसतो.

ह्या ओझ्याचा अंदाज यावा म्हणून अमेरिकेंतील एक हिशेब देतों. तेथें २०१२ ह्या एका वर्षांत कर्करोगजन्य फुफ्फुसजलासह रुग्णालयांत दाखल होण्याचे प्रसंग १ लक्ष २६ हजारांहून अधिक होते. प्रत्येक मुक्काम मध्यम मानानें सुमारें साडेपांच दिवसांचा. आणि दर शंभर प्रसंगांपैकीं सुमारें बारांत रुग्ण घरीं परतलाच नाहीं. त्याच देशांत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें दिसून आलें होतें कीं, सरकारी विम्याखालील वृद्ध रुग्णांपैकीं जवळजवळ पांचांतील एक जण कोणत्या ना कोणत्या कारणानें तीस दिवसांच्या आंत पुनः रुग्णालयांत येतो. तेव्हांपासून 'तीस दिवसांत परत भरती' हें रुग्णालयाच्या कामाचें एक माप होऊन बसलें, आणि २०१२ च्या ऑक्टोबरपासून हृदयविकार व न्यूमोनिया ह्यांसारख्या ठराविक आजारांत अशा भरती प्रमाणाबाहेर झाल्यास रुग्णालयांचे पैसे कापण्यांत येऊं लागले. फुफ्फुसाभोंवतींचें पाणी त्या यादींत घातलें गेलें नाहीं. तेथील वृद्ध रुग्णांच्या नोंदींचा जो अभ्यास २०१८ साली बाहेर आला, त्यांत ज्यांचें पाणी दोन आठवड्यांच्या आंत परत सांचलें अशांपैकीं सुमारें चतुर्थांशांनाच कायम स्वरूपाचा उपाय मिळालेला आढळला. बाकीच्यांच्या नशिबीं पुनः सुई. साधनसंपन्न देशांत ही कथा, मग आपल्याकडे दोष कोणा एकाला द्यावा ? पहिल्या खेपेस पुढच्या खेपेचा विचार न करणें ही सार्वत्रिक संवय आहे.

पहिला कायमचा उपाय : पोकळीच बुजविणें

पाणी सांचण्यास जागाच ठेवूं नये, म्हणजे दोन पदर एकमेकांस कायमचे चिकटवून टाकावे, ही एक युक्ति. ह्यासाठीं जी वस्तु सर्वाधिक वापरतात ती म्हणजे आपल्या परिचयाचें संगजिरें, अर्थात् टॅल्क. मात्र खास शुद्ध व निर्जंतुक केलेलें. तोंडाला लावावयाच्या पावडरीशीं त्याचा संबंध जोडूं नये. नळीनें पाणी पुरें काढून हें संगजिरें द्रवांत कालवून आंत सोडतात, किंवा दुर्बिणीनें पाहून आंत भुरभुरतात. त्यानें पदरांना मुद्दाम दाह होतो, आणि दाह ओसरतांना ते एकमेकांना चिकटतात.

छातींत संगजिरें भुरभुरण्याची ही रीति १९३५ साली कॅनडांतील शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून ह्यांनीं प्रसिद्ध केली. त्यांचा हेतु निराळा होता. फुफ्फुसाचा खंड कापण्यापूर्वीं पदर चिकटवून घ्यावे एवढाच. हे बेथ्यून पुढें १९३८ साली चीनमधील युद्धांत जखमींच्या शुश्रूषेस गेले आणि शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेल्या जखमेंतून विष भिनून १९३९ साली तेथेंच वारले. त्यांच्या नांवानें उभारलेल्या रुग्णालयाची धुरा ज्यांनीं पुढें वाहिली ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होत. तेहि १९४२ साली चीनमध्येंच निवर्तले, आणि व्ही. शांतारामांच्या १९४६ च्या चित्रपटानें त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें. कोटणीसांची कथा आपणांस ठाऊक असते. परंतु ज्यांच्या नांवाचें रुग्णालय त्यांनीं संभाळलें त्यांची एक युक्ति आजहि अनेक रुग्णांना श्वास मिळवून देते, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें.

संगजिऱ्याचा उपाय साधल्यास रुग्ण पाण्याच्या जाचांतून पुष्कळसा मोकळा होतो. अंगाला कांहीं लटकत नाहीं, रोजची निगा नाहीं. परंतु त्यासाठीं कांहीं दिवस रुग्णालयांत राहावें लागतें, वेदना व ताप होऊं शकतो, आणि तो सर्वांना साधत नाहीं. इंग्लंडांतील ३३० रुग्णांच्या एका तुलनेंत, जी २०२० साली प्रसिद्ध झाली, संगजिरें भुरभुरलें काय किंवा कालवून सोडलें काय, तीन महिन्यांच्या आंत दर शंभरांत बावीस-चोवीस रुग्णांत उपाय फसला. शिवाय एक अट आहे : फुफ्फुस पुरें उलगडलें पाहिजे. पदर भेटलेच नाहींत तर चिकटणार कसे ? रोगानें फुफ्फुस जखडलेलें असेल तर हा उपाय व्यर्थ. आपल्या देशांत कित्येक रुग्णालयांत संगजिऱ्याऐवजीं पोव्हिडोन आयोडीन वापरतात. तें स्वस्त आहे व सहज मिळतें.

दुसरा उपाय : घरींच निचरा

दुसरी युक्ति उलट दिशेची. पाणी थांबत नसेल तर तें घरच्या घरीं काढण्याची सोय करावी. एक मऊ बारीक नळी त्वचेखालून कांहीं अंतर नेऊन छातींत बसवितात. बाहेरच्या टोंकाला एकाच दिशेनें उघडणारी झडप असते. हें काम बहुधा त्याच दिवशीं होऊन रुग्ण घरीं येतो. मग एका दिवसाआड किंवा गरजेप्रमाणें शिकविलेलें माणूस बाटली जोडून पाणी काढतें. अशा नळीला अमेरिकेंत १९९७ साली मान्यता मिळाली, आणि पुढें ती जगभर रूढ झाली.

ह्या दोन उपायांची तुलना चांगल्या रीतीनें झाली आहे. इंग्लंडांत १०६ रुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत दम कमी करण्यांत दोन्हीं उपाय सारखेच ठरले. पण पहिल्या खेपेस संगजिऱ्याच्या गटास मध्यम मानानें चार दिवस रुग्णालयांत काढावे लागले, तर नळीच्या गटास एकहि नाहीं. पुढें पुनः छातीवर उपचार करण्याची वेळ पहिल्या गटांत शेंकडा २२ जणांवर आली, दुसऱ्यांत शेंकडा ६ जणांवर. नळीच्या बाजूचा दोष असा कीं, बारीकसारीक उपद्रव तिच्यांत अधिक आढळले. जंतुसंसर्ग हा त्यांतील मुख्य. एक हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित पाहणींत तो शंभरांत सुमारें पांच जणांना झाला, व तो बहुधा औषधांनीं आवरतां आला. नळी कायमचीच राहते असेंहि नाहीं. कित्येकांत पदर आपोआप चिकटून पाणी बंद होतें व ती काढतां येते. आणि नळीवाटेंच संगजिरें सोडल्यास हें अधिकांत घडतें, असें २०१८ च्या १५४ रुग्णांच्या परीक्षेनें दाखविलें : पांच आठवड्यांत शेंकडा ४३, एरव्हीं २३.

ह्या साऱ्यांत मला सर्वांत विचारार्ह वाटते ती २०१७ साली प्रसिद्ध झालेली परीक्षा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर व हाँगकाँग येथील १४६ रुग्णांना मृत्यूपर्यंत किंवा वर्षभर पाहून, त्यांचे एकूण किती दिवस रुग्णालयांत गेले हेंच तींत मोजलें. मध्यम मान असें निघालें : नळीच्या गटांत १० दिवस, संगजिऱ्याच्या गटांत १२. फरक दोन दिवसांचाच, असें कोणी म्हणेल. पण केवळ पाण्याच्या कारणानें गेलेले दिवस पाहिले तर ते एका बाजूस १ व दुसऱ्या बाजूस ४ होते. म्हणजे योग्य उपायानें पाण्यासाठींच्या येरझारा पुष्कळ थांबतात. परंतु रुग्णालयाची वाट त्यामुळें बंद होत नाहीं. उरलेले दिवस मूळ रोगाचे असतात.

परतणें म्हणजे पराभव नव्हे

हा भेद घरच्यांनीं नीट ध्यानांत धरावा. नाहीं तर नळी बसवूनहि माणूस पुनः दाखल झाला म्हणजे "एवढें करून उपयोग काय झाला" अशी निराशा होते. कर्करोगाच्या रुग्णास जंतुसंसर्गाचा ताप येतो, पायांतील शिरेंत रक्ताची गांठ धरून ती फुफ्फुसांत जाऊं शकते, वेदना अनावर होतात, अन्न जात नाहीं. अशा वेळीं रुग्णालयांत नेणें हें कर्तव्य आहे. एकाएकीं वाढलेला दम, थंडी वाजून ताप, छातींत नवी कळ, नळीभोंवतीं लाली किंवा पू, पाण्याचा रंग वा वास पालटणें, नळी निसटणें, किंवा पाणी येणें थांबूनहि दम कायम असणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये.

परंतु कित्येक खेपा अशाहि असतात कीं, त्या केवळ माहितीच्या अभावीं घडतात. रात्रीं दोन वाजतां दम लागला, काय करावें कोणास ठाऊक नाहीं, फोन कोणास करावा हें लिहून ठेवलेलें नाहीं, म्हणून रुग्णवाहिका. ज्या घरास अगोदरच सांगितलेलें असतें कीं, उशांना टेंकवून बसवावें, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा वारा घ्यावा, डॉक्टरांनीं दिलेलें औषध ह्या मात्रेंत द्यावें, त्या घरांतील रात्र निराळी जाते. चेहऱ्यावरील वाऱ्यानें दम लागण्याची जाणीव कमी होते हें आतां परीक्षेनें ठरलें आहे. आजीच्या हातांतला विंझणा अगदींच अडाणीपणाचा नव्हता. मॉर्फिनच्या अल्प मात्रेविषयींहि आपल्या घरांतून नसती भीति आहे. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तें दम व वेदना दोहोंवर देतात. त्यास 'शेवटचें औषध' समजून नाकारणें म्हणजे आपल्या भीतीपायीं दुसऱ्याला तळमळत ठेवणें होय.

पहिल्याच दिवशीं विचारावयाचे प्रश्न

तेव्हां पहिल्यांदा पाणी काढलें जाईल त्याच दिवशीं घरांतील एका शांत व जबाबदार माणसानें डॉक्टरांस पुढील गोष्टी विचाराव्या. पाणी तपासणीस गेलें काय, आणि अहवाल केव्हां मिळेल ? पाणी काढल्यावर दम खरोखर कमी झाला काय ? कारण न झाल्यास दमाचें कारण दुसरें असूं शकतें. फुफ्फुस पुरें उलगडलें काय ? कर्करोगाच्या औषधानें पाणी हटण्याचा संभव कितपत आहे ? आणि तें परत सांचलें तर आपण काय करणार आहों : पुनः सुई, संगजिरें कीं नळी ? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

उत्तर प्रत्येक घराचें सारखें असणार नाहीं. शहरांत राहणाऱ्या, दोन-तीन धडधाकट माणसें हाताशीं असणाऱ्या घरास नळी सोयीची. कोंकणांतल्या वाडीवर, जेथें पावसाळ्यांत तालुक्याचा रस्ताहि अवघड, आणि जेथें बाटल्या वेळेवर मिळण्याची शाश्वति नाहीं, तेथें चार दिवस शहरांत राहून पोकळी बुजवून घेणें शहाणपणाचें ठरेल. ज्याचे दिवस अगदीं थोडे उरले आहेत त्यास सुईचा एखादाच उपचार पुरे. खर्चाचाहि विचार करावाच लागतो. नळी एकदांच बसते, पण बाटल्या पुनः पुनः लागतात. विमा कोणता भाग देतो हें आधीं लेखी विचारून घ्यावें, व कमी खर्चाची दुसरी पिशवी चालेल काय हेंहि डॉक्टरांस विचारण्यांत संकोच धरूं नये.

येथें आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. एकत्र कुटुंबांत शुश्रूषेचें काम सर्वांचें म्हणावयाचें, आणि प्रत्यक्षांत एकाच सुनेच्या किंवा एकाच अविवाहित बहिणीच्या माथीं यावयाचें, असें वारंवार घडतें. नळीची निगा म्हणजे हात स्वच्छ धुणें, पट्टी बदलणें, पाणी काढणें, तें मोजून वहींत टिपणें. हें काम कठीण नाहीं, पण तें नेमानें करावें लागतें. तें निदान दोघांनीं शिकावें आणि त्यांतील एक पुरुष असावा. रुग्णालयांत जाणें टळलें तें एकीच्या झोंपेच्या किंमतीवर टळलें, असें होऊं नये.

रुग्णाला विचारलें काय ?

एवढें सर्व ठरत असतां ज्याच्या छातींत तें पाणी आहे त्यास मात्र पुष्कळ घरांत कांहींच सांगितलेलें नसतें. "त्यांना धक्का बसेल" म्हणून मुलें डॉक्टरांना बाहेर गांठतात, खुणा करतात, कागद लपवितात. ह्यामागें माया असते हें निर्विवाद. पण ज्या माणसानें साठ वर्षें घरांतील प्रत्येक गोष्ट ठरविली, त्याला आपलें घर सोडून चौथ्या वेळीं खाटेवर जावयाचें कीं नाहीं एवढेंहि विचारूं नये, ही माया कीं अन्याय ? शिवाय रुग्ण बहुधा जाणून असतो. तोहि घरच्यांना धक्का बसूं नये म्हणून गप्प राहतो, आणि शेवटचे महिने दोन्हीं बाजूंच्या नाटकांत जातात. सर्व आंकडे त्याच्यापुढें ओतावे असें नाहीं. "अण्णा, पाणी परत होण्याचा संभव आहे, डॉक्टर दोन मार्ग सांगतात, तुम्हांला काय बरें वाटतें?" एवढें वाक्य पुरे आहे. कित्येकदां उत्तर इतकें सरळ येतें कीं, महिनाभराची कुजबुज व्यर्थ वाटते.

अशा बोलण्यास ज्यांची मदत होते ते परिहारक उपचारांचे वैद्य. रोग बरा होवो वा न होवो, दुःख कमी करणें हा त्यांचा विषय. अमेरिकेंतील बोस्टन येथें फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेली परीक्षा २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्यांना आरंभापासून अशी मदत मिळाली त्यांचें मन अधिक स्वस्थ राहिलें, शेवटीं शेवटीं निरर्थक धडपडीचे उपचार कमी झाले, आणि आयुष्यहि घटण्याऐवजीं मध्यम मानानें ८.९ महिन्यांवरून ११.६ महिन्यांवर गेलें. 'हे वैद्य बोलाविले म्हणजे आशा सोडली' ही समजूत त्या परीक्षेनें पुरती खोडून काढली. आपल्या प्रांतांत ही सोय अपुरी असली तरी नाहीं असें नव्हे. मुंबईंत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत असा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्यास १९८६ पासून शांति अवेदना सदन आहे. पुण्यास वारजे येथें १९९७ पासून सिप्ला केंद्र आहे. केरळांत तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळून घरोघर अशी शुश्रूषा चालविण्याची प्रथाच पडली आहे, आणि ती आपणांस अनुकरणीय आहे.

रुग्णालयांनीं आपलें यश किती जण तीस दिवसांत परत आले ह्यावरून मोजावें. तें त्यांस योग्यच आहे. घरानें मात्र दुसरा हिशेब ठेवावा. उरलेल्या दिवसांपैकीं किती दिवस आपलें माणूस आपल्या खोलींत, ओळखीच्या आवाजांत, आपल्या ताटांतलें अन्न खाऊन आणि पुरता श्वास घेऊन राहिलें ? कर्करोगाच्या पाण्यांत तो आंकडा आपल्या हातीं पुष्कळसा असतो. आणि तो वाढविण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पहिली सुई टोंचली जाते तो दिवस होय.